निर्मात्याचं नाव आणि पूर्ण पत्ता

हेरवाडकर साहेबांनी पाकीट डोक्याच्या वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं फिरवलं आणि म्हणाले, "या एका पाकिटावर नऊ चुका आहेत."

पंचायत समितीच्या हॉलमध्ये साठ-सत्तर बायका होतो आम्ही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, तिन्ही तालुक्यांतल्या बचत गटांच्या. कुणाचे पापड, कुणाची चटणी, कुणाचे काजू. साहेब अन्न खात्याचे. पाकिटावर काय छापायचं आणि काय नाही, ते शिकवायला कोल्हापुरातून दोन दिवसांसाठी आले होते. सकाळी आत येतानाच प्रत्येकीनं आपल्या मालाचा एकेक नमुना टेबलावर ठेवायचा होता. त्या ढिगातून त्यांनी नेमकं माझं उचललं.

आमच्या गटाची अध्यक्ष सगुणा केसरकर माझ्या शेजारी बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "आपलंच की गं त्ये."

"गप बस," मी म्हटलं.

साहेबांनी शर्टाच्या खिशातून शाळेतल्या पोरांची असते तसली प्लास्टिकची पट्टी काढली. "नाचणी सत्त्व, बाळांसाठी. वजन किती? अंदाजे दोनशे ग्रॅम. अंदाजे म्हणजे काय, बाई? गिऱ्हाईक तुम्हाला अंदाजे पैसे देतं का?"

हॉल हसला.

"किंमत आहे, पण सर्व करांसहित असं लिहिलेलं नाही. कधी भरलं, कधीपर्यंत संपवायचं, त्या तारखाच नाहीत. शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका नाही. नोंदणी क्रमांक नाही. वजनाचा आकडा बघा," त्यांनी पट्टी लावली, "मुंगीएवढा. म्हाताऱ्या माणसानं वाचायचं कसं? पुढं, 'ताकद दुप्पट'. कशाच्या दुप्पट? कुणी मोजली? आणि बनवलंय कुणी? 'गृहउद्योग, गडहिंग्लज'. गडहिंग्लजात गृहउद्योग काय एकच आहे? उद्या कुणाचं पोट बिघडलं तर त्यानं बाजारात उभं राहून हाका मारायच्या?"

बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. मीही हसत होते. माझं पाकीट आहे हे सगुणाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं.

"या झाल्या आठ," ते म्हणाले. मग पट्टी पाकिटाच्या मधोमध टेकवली. "नववी चूक म्हणजे हे बाळ. बाळाच्या खाण्याच्या पाकिटावर बाळाचं चित्र चालत नाही. आईचंही नाही. आठ चुका दुरुस्त करायच्या. ही काढून टाकायची."

माझं हसू तिथंच थांबलं.

चहाच्या सुट्टीत सगुणानं मला खांबाआड ओढलं. "आजच शौकतभाईकडं जाऊ. नवं स्टिकर करून घेऊ. फोटोच्या जागी एखादं फूलबील टाकू."

"फोटो राहू दे."

"राहू दे? साहेब काय बोलले त्ये ऐकलं न्हाईस?"

"ऐकलं."

"मग?"

"बघते मी."

"काय बघतीस?" सगुणा चिडली की तिचा आवाज चढायचा. "कोल्हापूरच्या ग्राहक भांडारानं पाचशे पाकिटं मागितल्यात. अट एकच हाय, लेबल नियमात पाहिजे. बारा दिवस हातात हायत. सहा घरं हायत या गटात, मालन. हौसानं पोरीला नर्सिंगला घालायचं ठरवलंय या मागणीच्या जिवावर. आणि तू कुठल्या तरी स्टुडिओतल्या पोराच्या फोटोला धरून बसणार? त्या पोराला तरी ठाऊक हाय का, आपण त्याला पाकिटावर चिकटवलंय म्हणून?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्याला न्हाई ठाऊक."

स्टुडिओतला फोटो, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फोटो आजऱ्याच्या स्टुडिओतच काढला होता. गडहिंग्लजला मी नंतर आले, एकटी, दोन खोल्या भाड्यानं घेऊन. इथं मला विधवा, मूलबाळ नसलेली मालन पोवार म्हणूनच ओळखत होते. तेवढं पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब एकेकीला बोलावून शंका सोडवत होते. माझी पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. टेबलावर त्यांचा डबा अर्धा खाल्लेला, चष्मा कपाळावर चढवलेला. मी कागद पुढं केला.

"आठ दुरुस्त्या लिहून आणल्यात."

त्यांनी चष्मा खाली घेऊन कागद वाचला. "वा. एकही राहिली नाही. अक्षरही चांगलं आहे. किती शिकलात?"

"सातवी."

"आणि नववी?"

"ती चूक राहू दे, एवढंच सांगायला आले."

त्यांनी कागद खाली ठेवला. "तुमचंच का ते पाकीट? काल नाव घेतलं नव्हतं मी, पण तरी वाईट वाटलं असेल तर–"

"वाईट नाही वाटलं. फोटोचं तेवढं विचारते. साबणावर असतो बाळाचा फोटो. तेलावर असतो. मग आमच्याच पाकिटावर का नको?"

"साबण कुणी खात नाही, बाई." ते खुर्चीत पुढं सरकले. काल हॉलला हसवणारा आवाज आता खाली आला होता. "नीट ऐका. नवी आई असते. घाबरलेली असते. बाळ रडलं की तिला वाटतं, आपलंच दूध कमी. तेवढ्यात दुकानात असं गुटगुटीत बाळ दिसतं पाकिटावर. तिला वाटतं, हेच द्यावं. ती दूध तोडते, आणि ते बाळ आजारी पडतं. अशी बाळं गेलीत. मी नोकरीच्या सुरुवातीला चंदगडकडं पाहिलीत. आईच्या दुधाच्या आड कुणी येऊ नये म्हणून आहे हा कायदा. तुम्हाला त्रास द्यायला नाही."

"खरं आहे, साहेब," मी म्हटलं. "पण ज्याचा फोटो आहे, त्याला आईचं दूध नव्हतंच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलायचं ठरवून गेले नव्हते, पण तोंडातून निघालं होतं, आणि निघाल्यावर मागं घेता येईना.

शालन माझी धाकटी बहीण. मी चोविसाव्या वर्षी विधवा होऊन आजऱ्याकडं माहेरी आले, तेव्हा ती शाळेत होती. पुढं तिचं लग्न झालं. नवरा रमाकांत तोडकर वापीला कारखान्यात. बाळंतपणाला ती आमच्याकडं आली, मुलगा झाला आणि दोन महिन्यांत ती तापानं गेली. रमाकांत एकटा, त्याची पाळीची ड्यूटी. पोराला नेणार कुठं? पोरगं माझ्याकडं राहिलं. धैर्यशील नाव ठेवलं होतं शालननं, आम्ही धीरू म्हणायचो.

"गाईचं दूध पाणी घालून दिलं," मी साहेबांना सांगितलं. "पचायचं नाही. सहाव्या महिन्यात हातावर घेतला तर बरगड्या लागायच्या. मग आमच्या आईनं मला हे सत्त्व करायला शिकवलं, आम्ही घरात सत म्हणतो. नाचणी तीन दिवस भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची. खाली पांढरा साका बसतो, तो वाळवायचा. डॉक्टरांना दाखवत दाखवत चमचाभरापासून सुरू केलं. आठव्या महिन्यात तो बसायला लागला. ज्या दिवशी आधाराशिवाय बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो काढला. तो हा फोटो. मी काही खोटं छापलेलं नाही."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं.

"मुलगा आता कुठं असतो?"

"बापाकडं. साडेचार वर्षांचा होता तेव्हा नेला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं."

"भेटता की नाही?"

"न्हाई."

"किती वर्षं झाली?"

"आठ."

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. "बाई, मला अपवाद करता येत नाही. तुमची गोष्ट खरी आहे म्हणून तुम्हाला परवानगी दिली, तर उद्या दुसरा कुणी खोटी गोष्ट घेऊन येईल. साधं नाचणी सत्त्व म्हणून विका, सगळ्यांसाठी. फोटो काढा आणि 'बाळांसाठी' हा शब्दही काढा. बाळाचा आहार म्हणून विकायचं तर प्रयोगशाळा, प्रमाणपत्र, वेगळा परवाना, सगळं लागेल. बचत गटाच्या आवाक्यातलं नाही ते. आणि फोटो तर तेव्हाही चालणार नाही."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर ते मागून म्हणाले, "फोटो घरात लावा, बाई. भिंतीवर लावायला कुणाची हरकत नाही."

"भिंतीवरचा मलाच दिसतो, साहेब," मी म्हटलं.

घरी आले. घमेल्यात नाचणी भिजत होती, तिचं पाणी बदललं. त्या दिवशी गटाच्या कामाला गेले नाही. सगुणा दोनदा दारावरून जाऊन आली, हाक मारली नाही तिनं. हट्टाला काय अर्थ होता? पाचशे पाकिटं गेली नसती, सहा घरांचं नुकसान झालं असतं, आणि फोटोही राहिला नसता. दोन दिवस काढले तसेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शौकतभाईंच्या छापखान्यात गेले.

शौकतभाई मुल्ला म्हणजे बाजारपेठेतला जुना माणूस. आधी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे, मग संगणक घेतला. लग्नपत्रिका, उरुसाची पत्रकं, दुकानांची पावतीपुस्तकं, सगळं त्यांच्याकडं. माझं पहिलं स्टिकरही त्यांनीच केलेलं. वजन, किंमत, महिना, ठिपका, सगळं त्यांनी नवीन बसवलं. आकडा पट्टीनं मोजून मोठा केला. मग म्हणाले, "आता फोटो."

"काढा."

त्यांनी जुनी फाईल उघडली. पडद्यावर आख्खा फोटो आला, कापायच्या आधीचा. पहिल्या स्टिकरनंतर आज मी तो पुन्हा एवढा मोठा बघत होते. लोडाला टेकून बसलेला धीरू, गालाला काजळाची तीट, एक हात वर, हातात वाळा. मागं काळा पडदा, आणि त्याच्या काखेशी पडद्यातून बाहेर आलेला एक अंगठा.

"हा अंगठा मीच कापला होता बघा तेव्हा," शौकतभाई म्हणाले. "कुणाचा हो हा? फोटोवाल्याचा?"

"माझा."

त्यांनी मान वळवली.

"तो नुकता बसायला लागला होता," मी म्हटलं. "पडंल म्हणून मी पडद्याआड बसून धरला होता. फोटोवाला म्हणाला, तुम्ही दिसणार नाही, फक्त हलू नका."

शौकतभाईंनी माऊसवरचा हात काढला, नोकराला सांगून चहा मागवला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. मी त्यांना सांगितलं. साहेबांना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

रमाकांत न्यायला आला तेव्हा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आमच्या ओट्यावर बसून, मान खाली घालून म्हणाला, "अक्का, नयना चांगली आहे. जीव लावेल त्याला. पण तो सारखा तुमच्याकडं धावत राहिला, तर ती कधी त्याची आई होणार? थोडी वर्षं मध्ये काही नको. पत्र नको, फोन नको. त्याला तिकडं रुळू दे. मग मीच घेऊन येईन." खरं होतं त्याचं. मी धीरूच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की मी होऊन येणार नाही, होऊन काही कळवणार नाही. स्टँडवर धीरू गाडीत चढेना. मग रमाकांत त्याला म्हणाला, मावशी मागच्या गाडीनं येती. तेव्हा कुठं चढला. गाडी वळेपर्यंत खिडकीतून मागच्या गाडीकडं बघत होता.

त्या वर्षी मी रमाकांतची वाट बघितली. पुढच्याही वर्षी. तिसऱ्या वर्षी वापीचा कुणी माणूस भेटला, तो म्हणाला की तोडकरांनी खोली बदलली. त्यानंतर मी सत विकायला काढलं.

"म्हणून फोटो घातलात," शौकतभाई म्हणाले.

"शब्द मोडला नव्हता मी. पत्र नाही लिहिलं, फोन नाही केला. पाकीट काय, कुठंही जातं. कधीतरी त्याच्यापर्यंत गेलं तर गेलं."

शौकतभाईंनी चहा संपवला. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अक्का, रागावू नका. एक विचारू? आठ महिन्यांचं तोंड तेरा वर्षांच्या पोरानं ओळखायचं कसं? मला माझाच फोटो दाखवला तर मी ओळखणार नाही."

"बाप ओळखंल की."

"ओळखला. मग? यायचं कुठं?" त्यांनी टेबलावरचं जुनं पाकीट उचलून माझ्यासमोर धरलं. "गृहउद्योग, गडहिंग्लज. ते लोक तुम्हाला आजऱ्याकडं शोधणार. पाच वर्षं त्याचं तोंड छापलंत तुम्ही. तुमचं नाव कुठं छापलंत?"

मी पाकिटाकडं बघत राहिले. एवढं साधं होतं ते. मला कधी सुचलंच नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं, कोण जाणे.

"नाव घातलं तर शब्द मोडल्यासारखं होईल," मी म्हटलं. "होऊन कळवल्यासारखं."

"तुम्ही कुठं कळवताय?" शौकतभाई उठून खुर्चीवर बसले. "सरकार छापायला लावतंय. बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर. न छापलं तर दंड आहे, अक्का. कायद्यापुढं तुमचा शब्द कुठं टिकतोय?"

मला हसू आलं. हसता हसता पदर तोंडाला लावावा लागला, कारण हसणं कुठं संपलं ते मलाच कळेना. शौकतभाई पडद्याकडं तोंड करून काम करत राहिले.

"गटाचं नाव वर येईल," थोड्या वेळानं ते म्हणाले. "खाली तक्रारीसाठी माणसाचं नाव. सगुणाबाई अध्यक्ष आहेत, त्यांचं घालू का?"

"माझं घाला."

त्यांनी टाइप केलं. श्रीमती मालन दत्तू पोवार, भडगाव रोड, गडहिंग्लज, पुढं पिनकोड, पुढं मोबाइल. मग फोटोवर चौकट ओढली आणि एक बटण दाबलं. धीरू गेला. मधोमध गोल पांढरी जागा राहिली.

"इथं काय? नाचणीचं कणीस टाकू?"

मग त्यांनीच थोडा विचार केला. "अक्षर कमीत कमी केवढं पाहिजे ते साहेबांनी सांगितलंय. जास्तीत जास्त केवढं, ते कुठं सांगितलंय?" असं म्हणून त्यांनी माझं नाव उचललं आणि त्या गोलात आणून बसवलं, ठसठशीत.

सगुणाला नवं स्टिकर दाखवलं. तिनं उलटसुलट करून बघितलं. "गटाचा माल आणि नाव एवढं मोठं तुझं?" मग माझ्या तोंडाकडं बघून तिला काय वाटलं देव जाणे, आवाज उतरवून म्हणाली, "असू दे. तक्रारींचं बोलणं पण तूच खा म्हणजे झालं."

पाचशे पाकिटं वेळेत गेली. मग आणखी मागणी आली. हौसाची पोरगी नर्सिंगला लागली.

आणि फोन यायला लागले. कुणी म्हणायचं गुठळ्या होतात, कुणी म्हणायचं चव नाही, एकानं सांगलीहून विचारलं की म्हशीला चालेल का. मी सगळ्यांशी बोलायचे. नंबर अनोळखी दिसला की हातातलं काम टाकून फोन उचलायचे, ओल्या हातानं, भरल्या तोंडानं, कसंही. समोरून "पाकिटावर नंबर बघितला" असं कुणी म्हटलं की मी फोन कानाशी आणखी घट्ट धरायचे. मग गुठळ्यांची गोष्ट निघायची. अशी चार वर्षं गेली.

ते दिवस थंडीचे होते. दुपारी मी अंगणात सत वाळत घालत होते.

"नाचणी सत्त्वाच्या मालन पोवार का?" बाईचा आवाज होता.

"व्हय. काय तक्रार आहे, बोला."

"तक्रार नाही." ती थांबली. "मी वापीहून बोलते. नयना तोडकर."

मी तिथंच पायरीवर बसले.

"शेजारच्या बाई कोल्हापूरला माहेरी गेल्या होत्या, त्यांनी आणलं पाकीट. आमच्या मुलाला कावीळ झालीय, पोटात काही ठरत नाही. त्या म्हणाल्या, हे देऊन बघा. मी नाव वाचलं आणि..." ती पुन्हा थांबली. "ह्यांच्या तोंडून ऐकलं होतं एकदोनदा. तुम्हीच ना त्या?"

"मीच."

"मला काय बोलावं कळत नाही."

"कसा आहे तो?"

"उतार आहे आता. अशक्त झालाय." मग ती भराभर बोलायला लागली, कधीपासून धरून ठेवल्यासारखी. "आणला तेव्हा तापानं आजारी पडला होता. 'सत दे, सत दे' करून रडायचा. मला कळायचंच नाही, काय मागतोय ते. मी साखर दिली, दूध दिलं, बाजारातलं मिळेल ते दिलं. ह्यांनाही सांगता येईना. शेवटी मागायचा बंद झाला. काल हे पाकीट हातात घेतलं तेव्हा कळलं मला. बारा वर्षांनी."

मला तिच्यावर कधी राग नव्हता. मनात तिला चेहराच नव्हता. आता मात्र ती डोळ्यांपुढं आली, तापलेलं परकं पोर मांडीवर घेऊन घरातले सगळे डबे उघडून बघणारी.

"दोन चमचे घे," मी म्हटलं. "आधी गार पाण्यात कालव. गरम पाण्यात टाकू नकोस, गुठळ्या होतील. मंद आचेवर ठेव, हात थांबवायचा नाही. रंग बदलला की उतर. साखर घालू नको. मीठ घाल, चिमूटभर. त्याला मिठाचंच आवडायचं."

"मिठाचं," ती म्हणाली. लिहून घेत असावी.

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. "आई, कोणाचा फोन आहे?"

जाड, घोगरा आवाज. मला वाटलं, रमाकांतच. मग 'आई' हा शब्द माझ्या कानात शिरला, आणि कळलं.

"त्याला काही सांगितलेलं नाही," नयना हळू आवाजात म्हणाली. "शालनताईंचं ठाऊक आहे त्याला. तुमचं नाही. सांगते मी. पण बारावीचं वर्ष आहे, त्यात हे दुखणं. परीक्षा होऊ दे. एवढं माझ्यावर सोडाल?"

"सोडलं," मी म्हटलं.

तिनं शब्द पाळला. मे महिन्यात धीरू आला. एकटा, पाठीला बॅग, ओठावर मिशीची रेघ, माझ्याहून हातभर उंच. वाकून पाया पडला. मी त्याच्या चेहऱ्यात शालनला शोधत होते आणि तो माझ्या घरात काहीतरी शोधत होता. दोघांनाही थोडं थोडं सापडलं असावं.

दोन दिवस राहिला. गुजरातीच्या वळणाचं मराठी बोलायचा. गटाच्या बायकांबरोबर बसून त्यानं पाकिटांना स्टिकरं लावली, एकही वाकडं नाही. सगुणाला तो फार आवडला. जाताना ती त्याच्या हातावर लाडू ठेवून म्हणाली, "तुझ्या मावशीनं तुझ्यासाठी काय काय केलंय, ठाऊक हाय का तुला?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. धीरू म्हणाला, "आईनं सांगितलं सगळं." आई म्हणजे नयना. मला बरं वाटलं ते ऐकून, आणि दुखलंही. दोन्ही एकदमच झालं.

दोन दिवसांत तो काहीही मागायला लाजला नाही, पण प्रत्येक वेळी "मावशी, तुम्ही बसा, मी घेतो," असंच म्हणायचा. आमच्याकडं मावशीला कुणी अहोजाहो करत नाही. आई आणि मावशी, दोघींना अगंतुगंच.

आता तो बडोद्याला नोकरीत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो, न चुकता. "मावशी, कशा आहात?" विचारतो. सगुणा म्हणते, सांग की त्याला एकदा, तू म्हण म्हणून. मी नाही सांगत. ते सांगून म्हणायचं नसतं.

मी म्हणते, "बरी आहे रे. तू जेवलास?" तो जेवणाचं सांगतो, ऑफिसचं सांगतो, नयनाच्या गुडघ्याचं सांगतो. बोलणं संपत येतं तसा माझा कान जास्तच लागतो, त्याच्या प्रत्येक शब्दाकडं.

"ठेवू का, मावशी?" तो म्हणतो. "तुम्ही काळजी घ्या."